घराशेजारचं कृषी महाविद्यालय: आपल्या घरापर्यंत काय पोचलं?

रामबागकर

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात होतं, आज लिहायला बसलो.

मी जन्माने इंदूरचा. कृषी महाविद्यालयाच्या कुंपणावरून किती वेळा गेलो असेन त्याला गणती नाही. शहराच्या मधोमध एवढी हिरवी शेतं दिसतात, बरं वाटतं, आणि आपण पुढे जातो. फाटकाच्या आत पाऊल टाकलं ते मात्र गेल्या वर्षी, निवृत्तीनंतर, तेही अडचण आली म्हणून.

आमच्या धाकट्या भावाची देपालपूरकडे नऊ बिघे जमीन आहे. गेल्या जूनमध्ये त्याने एका दुकानातून सोयाबीनचं बियाणं घेतलं आणि पाऊस झाल्यावर पेरलं. उगवण इतकी विरळ झाली की ओळीत हात-हात अंतर मोकळं. दुकानदार म्हणाला, पाऊस कमी पडला, तुम्ही खोल पेरलंत. भाऊ रडकुंडीला आला होता. कुणीतरी सुचवलं म्हणून उरलेलं अर्धं पोतं घेऊन आम्ही दोघं कॉलेजात गेलो. ओळख नाही, चिठ्ठी नाही. तिथल्या एका सरांनी आमच्यासमोर शंभर दाणे मोजले, ओल्या गोणपाटात ओळीने मांडले, गुंडाळी केली आणि म्हणाले, पाच दिवसांनी या. पाच दिवसांनी गोणपाट उलगडलं तेव्हा एकेचाळीस दाण्यांना चांगले कोंब होते. प्रमाणित सोयाबीनला किमान ७० लागतात.

त्या वर्षी दुबार पेरणीचा खर्च बसला तो बसलाच. पण सरांनी अर्धा तास जे समजावलं ते आमच्या घरात कायमचं राहिलं. सोयाबीनच्या दाण्याचं साल पातळ असतं आणि कोंब अगदी त्या सालाखालीच असतो. पोतं उंचावरून आपटलं, थप्पी फार उंच लावली, मळणीयंत्र जोरात फिरवलं, की दाणा वरून चांगला दिसतो पण आतून मेलेला असतो. यंदा भावाने घरचंच बियाणं राखलं. मळणीयंत्राचा वेग कमी ठेवला, पोती लाकडी फळ्यांवर ठेवली, आणि अक्षय तृतीयेला आईसमोर बसून गोणपाटाची गुंडाळी केली. ब्याऐंशी दाणे उगवले. आई ऐंशीच्या पुढची आहे, तिने ते कोंब दोनदा मोजले.

म्हणून विचारतो. तुमच्यापैकी कुणाला या कॉलेजचा, किंवा अशा दुसऱ्या कुठल्या संस्थेचा, असा प्रत्यक्ष उपयोग झाला आहे का? शेती नसलेल्यांनीही लिहावं.

काळी_माती

काका, फार चांगला धागा काढलात. ज्या जागेत तुम्ही पोतं घेऊन गेलात, तिची गोष्ट सांगतो.

१९२४ साली तिथे 'इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री' सुरू झाली. जमीन होळकर दरबारने दिली, सुमारे ३०० एकर. पैसा कापूस समितीचा आणि मध्य भारतातल्या संस्थानांचा. प्रमुख होते अल्बर्ट हॉवर्ड. त्याआधी ते बिहारात पुशाच्या शेती संशोधन संस्थेत जवळजवळ वीस वर्षं होते. त्यांच्या पत्नी गॅब्रिएल याही वनस्पतिशास्त्रज्ञ, दोघं मिळून काम करायचे. संस्था काढली कापसासाठी, पण हॉवर्डसाहेबांचं म्हणणं असं की नुसता कापूस सुधारून भागत नाही, ज्या मातीत तो उभा आहे तिचं पोट आधी भरलं पाहिजे. त्यातून इंदूर पद्धतीचं कंपोस्ट आलं.

आपण विसरलेलं नाव पुढे आहे. १९३१ साली या पद्धतीवरचं जे पुस्तक निघालं त्यावर दोन लेखकांची नावं आहेत, हॉवर्ड आणि यशवंत वाड. वाड या संस्थेत रसायनशास्त्राचं काम बघत. जगभरचे सेंद्रिय शेतीवाले हॉवर्डना गुरू मानतात, केनियाच्या आणि कोस्टारिकाच्या कॉफीच्या मळ्यांत 'इंदूर' हा शब्द खताचं नाव म्हणून गेला, आणि इंदूरच्या मराठी माणसाला मात्र वाडांचं नाव ठाऊक नसतं. मलाही तिसाव्या वर्षी कळलं. याचं मला अजून वाईट वाटतं.

१९३५ साली गांधीजी हिंदी साहित्य संमेलनासाठी इंदुरात आले होते, तेव्हा ते ही खताची पद्धत बघून गेले. आजचं कृषी महाविद्यालय १९५९ पासूनचं. म्हणजे जागेला शंभर वर्षं झाली, कॉलेजला पासष्टच्या वर.

शुभदा_टिळकनगर

इंदूर पद्धत म्हणजे नेमकं काय, कुणी सविस्तर सांगेल का? आमच्या सोसायटीत ओला कचरा जिरवायचा प्रयत्न दोनदा फसला. वास, चिलटं, शेजाऱ्यांची भांडणं. शेवटी टाकी बंद करून ठेवली आहे.

काळी_माती

शुभदाताई, मूळ पद्धत शेतकऱ्याच्या अंगणासाठी आहे, तुमच्या टाकीकडे नंतर वळतो.

खड्डा ३० फूट लांब, १४ फूट रुंद, खोली फक्त दोन फूट. खोल केला तर तळाला हवा जात नाही आणि सडका वास सुटतो. त्यात थर द्यायचे: शेतातला काडीकचरा, त्यावर शेण, त्यावर गोठ्यातली मुतारीची माती आणि चुलीची राख. गोठ्यातली माती हे त्यातलं खरं शहाणपण. बैलांच्या पायाखाली माती पसरायची, ती मूत्र शोषून घेते, मग ती काढून खड्ड्यात टाकायची. आपल्याकडे शेण गोवऱ्यांना जातं आणि मूत्र वाहून जातं, त्यामुळे शेताच्या वाट्याला काही उरत नाही, हे त्यांनी इथे डोळ्यांनी पाहिलं होतं. कापसाच्या आणि तुरीच्या पळाट्या कुजत नाहीत, म्हणून त्या रस्त्यावर पसरून ठेवत. बैलगाड्यांच्या चाकाखाली भुगा झाला की खड्ड्यात. वेगळं यंत्र नाही, वेगळा खर्च नाही.

मग पाणी मारायचं आणि तीन वेळा उलथवायचं: साधारण पंधरा दिवसांनी, महिन्याने आणि दोन महिन्यांनी. तीन महिन्यांत खत तयार. नवीन खड्ड्याला विरजण म्हणून जुन्या खड्ड्यातलं अर्धकच्चं खत थोडं टाकायचं. दह्यासारखंच.

आता तुमची टाकी. वास सुटला याचा अर्थ ओलं जास्त झालं आणि कोरडं कमी. भाजीची सालं, उरलेला भात, चहाचा चोथा हे सगळं नत्राने भरलेलं असतं. त्याला जोडीला कार्बन हवा, म्हणजे वाळलेला पाला. हॉवर्ड-वाडांनी सुरुवातीचं प्रमाण ३३ भाग कार्बनला एक भाग नत्र असं धरलं होतं. घरी तराजू नको: एक बादली ओला कचरा पडला की दोन बादल्या सुका पाला टाका. मूठ दाबली तर बोटं ओली व्हावीत, पाणी गळू नये. आणि दर पंधरवड्याला उलथवणारा माणूस ठरवा. बहुतेक सोसायट्यांत टाकी येते, उलथवणारा माणूस कुणी ठरवत नाही.

शुभदा_टिळकनगर

पाला तर आमच्याकडे ढीगभर पडतो आणि झाडलोट करणारे तो पेटवतात! आजच सांगते. धन्यवाद दादा.

आता माझाही अनुभव. खंडवा रोडला सोयाबीन संशोधनाची राष्ट्रीय संस्था १९८७ सालापासून आहे. ते कॉलेज नव्हे, वेगळी संस्था, पण आमच्या महिला मंडळाला तिथे सोयाबीनच्या पदार्थांचं प्रशिक्षण मिळालं. तोवर मी सोयाबीन कच्चं दळून कणकेत मिसळत होते आणि घरात सगळ्यांची पोटं बिघडत होती. तिथल्या मॅडमनी कारण सांगितलं: कच्च्या सोयाबीनमध्ये असं द्रव्य असतं की ते प्रथिनं पचूच देत नाही. उकळत्या पाण्यात वीस-पंचवीस मिनिटं उकळायचं, सालं काढायची, उन्हात खडखडीत वाळवायचं आणि मग गव्हात घालून दळायचं. नऊ किलो गव्हाला एक किलो. पोळी मऊ होते, चवीत फरक कळत नाही. थालीपिठाच्या भाजणीतही थोडं चालतं. माझ्या सुनेला बाळंतपणानंतर हेच पीठ दिलं.

आमच्या मंडळातल्या दोघी आता पीठ विकतात. मोठा धंदा नाही, पण मुलांची फी निघते.

वाफसा

सगळं गोड गोड चाललंय म्हणून एक कडू बाजू मांडतो, राग नसावा. मी सांवेरकडचा, बारा बिघे स्वतः करतो. आमच्या गावात कॉलेजचा माणूस मी सात वर्षांत एकदा पाहिला. माती तपासायला एका ठिकाणी दिली होती (नाव लिहीत नाही), अहवाल आला तेव्हा गहू हातभर वाढला होता. त्या कागदाचा मला काय उपयोग? रामबागकर काका शहरात राहतात, फाटकापर्यंत रिक्षाने जाऊ शकतात. ज्याला मजुरी बुडवून ४० किलोमीटर यावं लागतं त्याने काय करायचं? तोवर दुकानदार त्याला दोन बाटल्या औषध विकून मोकळा झालेला असतो. आमच्याकडे कृषी सल्ला म्हणजे औषधाचा दुकानदार, कारण तो सकाळी सात ते रात्री नऊ हजर असतो आणि उधार देतो.

ग्वाल्हेरकर

वाफसा, तुमचं म्हणणं खरं आहे आणि ते दाबून ठेवण्यात अर्थ नाही. मी ग्वाल्हेरला विद्यापीठाच्या जवळ राहतो, माझे वडील तिथे प्रयोगशाळेत नोकरीला होते, म्हणून थोडं आतलं सांगू शकतो.

आपल्याकडच्या कृषी विद्यापीठांचा साचा अमेरिकेतून आला. तिथे १८६२ साली कायदा झाला: केंद्र सरकार राज्यांना जमीन देईल, ती विकून राज्याने शेती आणि यंत्रविद्या शिकवणारी कॉलेजं काढावीत. पण फक्त शिकवून भागत नाही हे त्यांनाही नंतर कळलं. १९१४ साली दुसरा कायदा करून विस्ताराचं काम जोडलं, म्हणजे विद्यापीठाचा माणूस पगारावर गावात जाऊन बसेल. शिकवणं, संशोधन आणि विस्तार, असे तीन पाय. भारतात असं पहिलं विद्यापीठ १९६० साली पंतनगरला झालं, आपल्या प्रांतात १९६४ साली जबलपूरला. इंदूरचं कॉलेज बरीच वर्षं जबलपूरखाली होतं. २००८ साली त्यातून वेगळं होऊन ग्वाल्हेरचं राजमाता विजयाराजे सिंधिया कृषी विश्वविद्यालय झालं, तेव्हापासून इंदूर, सीहोर, खंडवा, ग्वाल्हेर आणि मंदसौरचं उद्यानिकी कॉलेज आमच्याकडे.

तिसरा पाय आपल्याकडे पहिल्यापासून बारीक राहिला, कारण गावात जाणारं मनुष्यबळ विद्यापीठाकडे कमी आणि सरकारच्या कृषी खात्याकडे जास्त अशी वाटणी झाली. जिल्ह्यामागे एक कृषी विज्ञान केंद्र आणि त्यात मोजके शास्त्रज्ञ. त्यांनी किती गावं फिरायची? वडील संध्याकाळी घरी आले की हेच बोलायचे. बियाणं तयार आहे, माहिती तयार आहे, घेऊन जाणारा माणूस नाही.

तुमच्या इंदूरचं केंद्र कस्तुरबाग्राममध्ये आहे. सांवेरहून तेही लांबच पडेल. पण गावातल्या दहा जणांनी मिळून अर्ज केला तर ते पीक प्रात्यक्षिक गावात घेतात. एकट्याने गेलं तर सल्ला मिळतो, दहा जणांनी गेलं तर बियाण्यासकट माणूस येतो. हे मी मुरैन्याच्या बाजूला पाहिलेलं आहे.

रावे_वाली

मी याच कॉलेजची, चौथ्या वर्षाला आहे. धागा वाचून राहवलं नाही म्हणून खातं उघडलं.

वाफसा दादा, आम्हाला शेवटच्या वर्षी 'रावे' असतं. एक सत्र गावात राहायचं, एका शेतकऱ्याच्या घराला जोडून घ्यायचं आणि त्याच्या शेतात जे चालतं ते सगळं करायचं. मला महूच्या बाजूचं गाव मिळालं होतं. पहिले आठ दिवस काकांनी माझ्याशी शेतीतलं एक अक्षर बोललं नाही, काकूंनी जेवायला वाढलं तेवढंच. मग एक दिवस त्यांच्या सोयाबीनची पानं मधूनच वाळलेली दिसली. मी खोड चिरून आतली अळी दाखवली. चक्रीभुंगा खोडावर दोन गोल कापे घेतो आणि मधे अंडं घालतो, म्हणून वरचा शेंडा सुकतो. काका ते 'वाळवा' म्हणून पिवळेपणाचं औषध मारत होते. त्या दिवसापासून ते मला रोज सकाळी शेतात बरोबर न्यायला लागले.

शिकायला मात्र मीच जास्त शिकले. काकांची जमीन उताराची, खालचा तुकडा दर पावसाळ्यात तुंबायचा. पुस्तकात रुंद वरंबा-सरी वाचली होती, म्हणजे रुंद वाफ्यावर ओळी पेरायच्या आणि दोन्ही बाजूंना सरी. जास्त पाऊस झाला तर पाणी सरीतून निघून जातं, ओढ दिली तर सरीतली ओल मुळांना मिळते. ट्रॅक्टरला जोडायचं यंत्र मिळालं नाही. तर काकांनी बैलाच्या वखराला फळी बांधून अर्ध्या बिघ्यात तेच करून दाखवलं! मी ते माझ्या अहवालात चित्रासकट लिहिलं आणि सरांनी पुढच्या तुकडीला दाखवलं. म्हणजे गावाकडून कॉलेजातही जातं.

दादा, सांवेर तालुक्यात आमच्या तुकड्या जातात. तुमचं गाव घ्यावं असं सरपंचांचं पत्र आलं तर कॉलेज विचार करतं. मी सरांना विचारून इथे लिहीन.

वाफसा

ताई, पत्र मी स्वतः लिहून सरपंचांची सही घेतो. राहायची सोय आमच्या घरी. माझी बायको विज्ञानाची पदवीधर आहे, तिलाही सोबत होईल.

आणि ग्वाल्हेरकर साहेब, तुमच्या वडिलांचं वाक्य मला लागलं. माणूस नाही हेच खरं दुखणं आहे.

पुणे_ते_इंदूर

मी इथे सात वर्षांपूर्वी नोकरीसाठी आलो, शेतीशी संबंध शून्य. पण मला या जमिनीबद्दल काळजी वाटते. शहराच्या मधे एवढी मोकळी जमीन राहिली की तिच्यावर सगळ्यांची नजर जाते. २०२२ साली कॉलेजचे विद्यार्थी ही जमीन वाचवण्यासाठी आंदोलनाला बसले होते, तेव्हा माझे काही सहकारी म्हणाले, शेती शहराबाहेर न्या, बिघडतं काय? मला उत्तर देता आलं नाही. इथे कुणी सांगेल का?

काळी_माती

सांगतो, हा माझ्या फार जिव्हाळ्याचा विषय आहे.

संशोधनाचं शेत उचलून दुसरीकडे ठेवता येत नाही. जबलपूरला १९७२ पासून एकाच जमिनीवर सोयाबीन-गहू घेऊन खतांचा परिणाम मोजत आहेत. कुठल्या तुकड्यात नुसतं रासायनिक खत, कुठल्या तुकड्यात त्याच्या जोडीला शेणखत, कुठे काहीच नाही. पन्नास वर्षं तीच माती, तेच तुकडे. त्याची किंमत त्या सलगपणात आहे. मधे एकदा जमीन हलवली की मागचं सगळं मोजमाप तुटतं आणि पुन्हा पहिल्या वर्षापासून सुरुवात. इंदूरच्या शेतांतही कोरडवाहू शेतीवर वर्षानुवर्षं काम झालं आहे, खोल काळ्या जमिनीत पाणी कसं मुरवायचं, कसं काढून द्यायचं याचं. 'पग पग रोटी, डग डग नीर' असं माळव्याचं वर्णन आपण शाळेत पाठ केलं. आज त्याच माळव्यात बोअर शेकडो फूट खाली गेल्या आहेत. पावसाचं पाणी मुरणारी मोठी सलग जमीन शहरात आता किती उरली आहे ते तुम्हीच बघा.

अजून एक. २०२२ सालीच फेब्रुवारीत देवगुराडियाला गोबरधन प्रकल्प सुरू झाला, दिवसाला ५५० टन ओल्या कचऱ्याची क्षमता, त्यातून गॅस आणि रोजचं सुमारे १०० टन खत. सगळा देश इंदूरच्या स्वच्छतेचं कौतुक करतो आणि करावंच. पण ते खत कुठल्या जमिनीत किती घालायचं, त्याने सोयाबीनला काय फरक पडतो, हे कुणी सांगायचं? ते सांगायला मोजणारी माणसं आणि मोजायला शेत लागतं. कचऱ्याचं खत करायला जगाला शिकवलं ते याच शहरातल्या शेताने. ते शेत आपल्याजवळ असावं असं मला मनापासून वाटतं.

पुणे_ते_इंदूर

समजलं. पुढच्या वेळी कुणी विचारलं तर जबलपूरचं उदाहरण देईन. मुलीला घेऊन एकदा आत जाऊन यायचं आहे. तिला गहू आणि ज्वारी यांतला फरक दाखवायला मला पुस्तक उघडावं लागलं होतं.

रामबागकर

मंडळी, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. आईला सगळा धागा वाचून दाखवला. वाडांचं नाव ऐकून तिने विचारलं, कुठले वाड? मला सांगता आलं नाही.

भावाचा फोन आला होता. गहू निघून शेत रिकामं आहे, पाऊस यायच्या आत माती तपासायला द्यायची म्हणतो. येत्या शनिवारी आम्ही नमुना काढणार. रावे_वाली ताई, नमुना कसा काढायचा ते नीट सांगशील का? मागच्या वेळी आम्ही विहिरीजवळची मूठभर माती उचलून दिली होती.

रावे_वाली

काका, विहिरीजवळची नको, बांधाची नको, झाडाखालची नको, आणि जिथे शेणखताचा ढीग होता तिथलीही नको. शेतात नागमोडी चालत आठ-दहा जागा निवडा. वरचा पालापाचोळा बाजूला करून इंग्रजी व्ही अक्षरासारखा वीतभर खोल खड्डा घ्या आणि त्याच्या एका बाजूची दोन बोटं जाडीची माती वरपासून खालपर्यंत खरवडून घ्या. सगळी माती स्वच्छ कापडावर एकत्र करा. चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाकून द्या, उरलेले दोन मिसळा, पुन्हा चार भाग. अर्धा किलो उरेपर्यंत असंच. सावलीत वाळवा, उन्हात नाही. खताची रिकामी गोणी चुकूनही वापरू नका, नाहीतर अहवालात त्या खताचाच आकडा येईल. वरचा आणि खालचा तुकडा वेगळ्या रंगाचे असतील तर दोन वेगळे नमुने.

आणि चिठ्ठी पेन्सिलीने लिहा. नाव, गाव, खसरा क्रमांक, मागचं पीक, पुढचं पीक. पेनाची शाई मातीच्या ओलीने पुसते, मग आमच्याकडे बिननावाच्या पिशव्या उरतात.

वाफसा

ताई, मीही शनिवारीच काढतो. काका, तुमच्या नमुन्याबरोबर माझाही कॉलेजात द्याल का? मी शुक्रवारी मंडीत कांदा घेऊन येणार आहे, परतताना रामबागेत... नाही, नमुना शनिवारी निघणार. मग रविवारी सकाळी दूधगाडीबरोबर पाठवतो.

रामबागकर

पाठवा. सकाळी सातला मी घरीच असतो. पत्ता व्यक्तिगत निरोपात देतो.